जॉब चार्नक आणि कलकत्त्याचा जन्मदिवस

कलकत्त्यातील जुन्या डलहौसी चौकाजवळ, ज्याला आता बिनय-बादल-दिनेश बाग म्हणतात त्या परिसरात, सेंट जॉन्स चर्च उभे आहे. चर्चची इमारत १७८७ सालची. तिच्या आवारातील एक अष्टकोनी समाधी मात्र त्याहून सुमारे नव्वद वर्षांनी जुनी आहे. ती ईस्ट इंडिया कंपनीचा बंगालमधील एजंट जॉब चार्नक याची. त्याचा जावई चार्ल्स आयर याने ती बांधवली. आतील काळ्या शिळेवर लॅटिन लेख कोरलेला आहे. येथे विसावलेला गृहस्थ इंग्रज असून बंगालच्या राज्यात इंग्रजांचा अत्यंत योग्य असा एजंट होता, परक्या भूमीत दीर्घकाळ भ्रमण केल्यावर तो आपल्या शाश्वत घरी परतला, एवढाच त्याचा आशय. ज्या नगराचा संस्थापक म्हणून चार्नकचे नाव पुढे तीनशे वर्षे घेतले गेले, त्या नगराचा या लेखात उल्लेखही नाही. ज्यांनी त्याला जवळून पाहिले होते, ज्यांना त्याची थोरवी सांगण्याची पूर्ण मुभा होती, त्यांना त्याने एखादे शहर स्थापन केले असे लिहावेसे वाटले नाही, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाने प्रथम लक्षात घेतली पाहिजे.

शिळेवरील तारीखही अशीच सावधपणे वाचावी लागते. तेथे १० जानेवारी १६९२ असे कोरले आहे. त्या काळी इंग्रजांचे वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे आपल्या गणनेप्रमाणे चार्नकचा मृत्यू १६९३ सालचा ठरतो. जाता जाता आणखी एक गोष्ट सांगतो. ही शिळा मद्रासच्या बाजूची. भूगर्भशास्त्रज्ञ टॉमस हॉलंड यांनी १८९३ साली तिचे परीक्षण करून त्या जातीच्या खडकाला ‘चार्नोकाइट’ हे नाव दिले. नगराला ज्याचे नाव कधी मिळाले नाही, त्याचे नाव खडकाला मात्र कायमचे चिकटले.

चार्नक ‘संस्थापक’ झाला तो पुढच्या काळात, आणि विशेषतः एकोणिसाव्या शतकात. साम्राज्याच्या राजधानीला एखादा मूळपुरुष असावा, ही गरज तेव्हाच्या इंग्रजांना वाटणे स्वाभाविक होते. रोमला रोम्युलस होता, मग कलकत्त्याला कोणी का नसावा? किप्लिंगने आपल्या एका कवितेत चार्नकच्या दुपारच्या मुक्कामातून हे शहर योगायोगानेच उगवले, अशी कल्पना रंगविली आणि ती इंग्रजी वाचणाऱ्यांच्या मनात पक्की बसली. शालेय पुस्तकांतून २४ ऑगस्ट १६९० हा कलकत्त्याचा जन्मदिवस ठरला. १९९० साली नगराची त्रिशताब्दी थाटाने साजरी झाली. पुढे २००१ साली, ज्या वर्षाच्या प्रारंभी शहराचे अधिकृत नाव कोलकाता झाले त्याच वर्षी, सावर्ण रायचौधुरी घराण्याच्या परिषदेने उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. न्यायालयाने इतिहासकारांची समिती नेमली. निमाईसाधन बोस, बरुण दे आदी नामवंत अभ्यासक तीत होते. समितीच्या अहवालाच्या आधारे १६ मे २००३ रोजी न्यायालयाने निर्णय दिला, की चार्नक हा कलकत्त्याचा संस्थापक नव्हे आणि २४ ऑगस्ट हा त्याचा जन्मदिवसही नव्हे. शासनाने पाठ्यपुस्तकांतून आणि सरकारी कागदपत्रांतून हा उल्लेख काढून टाकावा.

निर्णय लागला, वर्तमानपत्रांतून त्याची चर्चा झाली. पण न्यायालयाचा निकाल म्हणजे इतिहासाचा निकाल नव्हे. पाठ्यपुस्तकात काय छापावे हे न्यायालय सांगू शकते; १६९० सालच्या ऑगस्टमध्ये हुगळीच्या काठी काय घडले, हे त्या काळच्या कागदांनाच विचारावे लागते. मराठी वाचकाला हा भेद समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला तेव्हापासून अस्सल पत्र आणि बखर यांतील अंतर आपल्या अभ्यासाच्या हाडीमाशी भिनले आहे. घटना घडत असताना, ती घडविणाऱ्याने किंवा पाहणाऱ्याने, दुसऱ्याच कामासाठी लिहिलेला कागद एका तोलाचा; चाळीस-पन्नास वर्षांनी ऐकीव गोष्टी जोडून रचलेले कथन दुसऱ्या तोलाचे. चार्नकच्या बाबतीत हीच तागडी वापरली, तर काय दिसते ते पाहू.

सुदैवाने अस्सल कागद भरपूर आहेत. कंपनीच्या नोकरांना पत्रे आणि रोजनिशी लिहिण्याची सक्तीच होती. त्यांवरून असे दिसते, की चार्नक १६५५-५६च्या सुमारास हिंदुस्थानात आला, कासिमबाजारच्या वखारीत लागला, पाटण्याच्या वखारीचा प्रमुख म्हणून त्याने बरीच वर्षे काढली आणि १६८६ साली हुगळी येथे कंपनीचा एजंट झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात हुगळीच्या बाजारात इंग्रज शिपाई आणि मोगल फौजदाराची माणसे यांच्यात चकमक उडाली. शाएस्ताखानाच्या सुभ्यात इंग्रजांना तेथे टिकाव धरणे अशक्य झाले. शाएस्ताखान हे नाव आपल्याला लाल महालाच्या संदर्भात ठाऊक. त्यानंतर तो बंगालचा सुभेदार झाला आणि मधला अल्प काळ वगळता दोन तपांच्या आसपास तेथे होता, हे आपण सहसा विसरतो. डिसेंबर १६८६मध्ये चार्नक आपली माणसे व मालमत्ता घेऊन नदीने खाली सरकला आणि पूर्व काठावरील सुतानुटी या गावी थांबला. ही पहिली वेळ. तेथून तो समुद्राजवळच्या हिजलीला गेला. तेथे मोगलांच्या वेढ्यापेक्षा तापानेच अधिक माणसे मारली. तह झाल्यावर काही महिने उलुबेरियात काढून १६८७च्या उत्तरार्धात तो पुन्हा सुतानुटीला आला. ही दुसरी वेळ. लंडनच्या मंडळींचा डोळा चितगाववर होता. त्यांनी पाठविलेला कप्तान हीथ १६८८च्या नोव्हेंबरात सर्वांना जहाजात घालून तेथून घेऊन गेला. बालेश्वर आणि चितगाव येथे निष्फळ खटपट करून अखेर हा सारा तांडा मद्रासला पोचला. मोगलांशी समेट झाला, नवा सुभेदार इब्राहीमखान याने बोलावणे पाठविले आणि २४ ऑगस्ट १६९० रोजी चार्नक तिसऱ्यांदा सुतानुटीला उतरला.

त्या दिवसाची नोंद रोजनिशीत आहे. दुपारच्या सुमारास आपण पोचलो, जागेची अवस्था अत्यंत वाईट होती, राहण्यासाठी काहीच शिल्लक नव्हते आणि पाऊस रात्रंदिवस कोसळत होता, असा तिचा भाव. चार दिवसांनी सल्लामसलत होऊन असे ठरले, की पूर्वीच्या सर्व इमारती नष्ट झाल्या असल्यामुळे गरजेपुरती आणि होईल तितक्या कमी खर्चात मातीच्या भिंतींची, गवती छपरांची घरे बांधावीत. कोठार, भोजनगृह, स्वयंपाकघर असा सगळा रोकडा हिशेब. या कागदात नगर नाही, कोनशिला नाही, प्रार्थना वा तोफांची सलामी नाही. ‘पूर्वीच्या इमारती’ हे शब्द मात्र आहेत. जेथे आपली मोडलेली घरे आहेत तेथे परतणारा मनुष्य त्या दिवशी काही स्थापन करीत नसतो. किप्लिंगची दुपार खरी. योगायोग मात्र खोटा. ज्या जागी माणूस चार वर्षांत तीनदा येतो, ती त्याने पारखलेली असते.

तारखेचा आणखी एक गुंता आहे. इंग्रज तेव्हा जुन्या ज्युलियन पंचांगाने दिवस मोजत. आजच्या पंचांगाप्रमाणे तो रविवार ३ सप्टेंबरचा. म्हणजे ज्या दिवशी दरवर्षी केक कापले गेले, तो दिवस चार्नकच्या आगमनाचाही नव्हता. वाढदिवसाच्या उत्साहापुढे दहा दिवसांची काय ती मातब्बरी!

त्यानंतर चार्नक जेमतेम अडीच वर्षे जगला. या अवधीत त्याने काय उभारले? याचे उत्तर त्याच्याच वरिष्ठाकडून मिळते. सर जॉन गोल्डस्बरो १६९३च्या ऑगस्टमध्ये सुतानुटीला आला तेव्हा त्याला सगळा गोंधळ दिसला. वखारीसाठी जागा आखलेली नव्हती. ज्याला जेथे वाटले तेथे त्याने घर बांधले होते, खड्डे खणले होते. गोल्डस्बरोने एक जागा मातीच्या भिंतीने वेढून घेण्याचा हुकूम दिला आणि आयरकडे कारभार सोपविला. नगराच्या आखणीचा पहिला विचार कागदावर दिसतो तो असा, चार्नकच्या मृत्यूनंतर. किल्ल्याला मुभा मिळाली ती त्यानंतर तीन वर्षांनी, शोभासिंहाच्या बंडाच्या निमित्ताने. त्याचे ‘फोर्ट विल्यम’ हे नामकरण १७०० सालचे.

जमिनीवरील हक्काचा प्रश्न तर याहून महत्त्वाचा. औरंगजेबाचा नातू अझीम-उश-शान तेव्हा बंगालचा सुभेदार होता. त्याला सोळा हजार रुपये देऊन इंग्रजांनी तीन गावांचा हक्क विकत घेण्याची परवानगी मिळविली. मग १० नोव्हेंबर १६९८ रोजी सावर्ण घराण्यातील जमीनदारांकडून सुतानुटी, डिही कलिकाता आणि गोविंदपूर या गावांचा हक्क तेराशे रुपयांना लिहून घेतला. फारसीत लिहिलेला हा दस्तऐवज आजही ब्रिटिश लायब्ररीत आहे. यात विकली गेली ती जमीन नव्हे आणि सत्ता तर नव्हेच. विकला गेला तो सारा वसूल करण्याचा हक्क; सरकारी धारा, वर्षाला बाराशे रुपयांच्या आत-बाहेर, मोगल खजिन्यात भरायचाच होता. आपल्याकडील पाटीलकी-देशमुखीच्या खरेदीखतांशी ज्यांचा परिचय आहे, त्यांना हा व्यवहार लगेच ओळखीचा वाटेल. वतन विकणारा गाव विकत नाही. इंग्रज त्या दिवशी कलकत्त्याचे धनी झाले नाहीत. ते मोगल बादशहाचे एक जमीनदार झाले. आणि हे घडले तेव्हा चार्नकला जाऊन पावणेसहा वर्षे होत आली होती.

मग चार्नकच्या आधी तेथे काय होते? दलदल आणि वाघ, असे इंग्रजी कथन सांगते. सुतानुटी या नावातच त्याचे उत्तर आहे. सूत म्हणजे सूत आणि नुटी म्हणजे लड. सुताच्या लडी जेथे विकल्या जात तो हा हाट. गोविंदपुरात शेठ आणि बसाक ही कापडाच्या व्यापाऱ्यांची घराणी इंग्रजांपूर्वीच येऊन राहिली होती. सरस्वती नदी गाळाने भरत गेली, सप्तग्रामचे जुने बंदर निकामी होऊ लागले, पोर्तुगीजांचा पलीकडच्या काठावरील बेतोडचा हंगामी बाजार उठला. तसतसा हुगळीच्या काठावरचा व्यापार नव्या जागा शोधीत होता. चार्नकला सुतानुटी का भावली, याची कारणेही यातच आहेत. या काठाला नदी खोल, मोठी जहाजे लागू शकत. पूर्वेला खाऱ्या पाण्याची दलदल असल्यामुळे त्या बाजूने फौज येणे कठीण. आणि कापड विकणारे घराशीच. नगराला जन्म देण्याची ऐपत कोणात असेल, तर ती या हाटात होती. परंतु हाटाचा पुतळा उभारता येत नाही, जयंतीही करता येत नाही.

येथवर चार्नकविरोधी बाजू बळकट दिसते. खरी परीक्षा यापुढे आहे. जी तागडी आपण चार्नकला लावली, तीच त्याच्या प्रतिस्पर्ध्यांना लावली पाहिजे. आणि तसे करण्याचा उत्साह अनेकदा आढळत नाही. कलकत्त्याचे प्राचीनत्व सिद्ध करण्यासाठी विप्रदास पिपिलाई याच्या ‘मनसाविजय’ काव्याचा आधार नेहमी दिला जातो. काव्य १४९५ सालचे आणि त्यात चाँद सौदागराच्या नौकाप्रवासात कलिकाता येते. म्हणून हे नाव चार्नकच्या दोनशे वर्षे आधीचे, असा हा युक्तिवाद. पण उपलब्ध हस्तलिखिते पुष्कळ नंतरची आहेत. त्याच प्रवासवर्णनात खडदह हे ‘श्रीपाट’ म्हणून येते, आणि त्या गावाला ती वैष्णव प्रतिष्ठा मिळाली नित्यानंद प्रभू तेथे राहू लागल्यावर, म्हणजे सोळाव्या शतकात. पुढच्या लेखकूंनी आपल्या काळची गावे या यादीत घुसडली असावीत, हा संशय त्यामुळे टाळता येत नाही. ज्ञानेश्वरीच्या पाठांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याचे नवल वाटू नये.

आर्मेनियन चर्चच्या आवारात रेझाबीबी नावाच्या स्त्रीची समाधिशिळा आहे. तिच्यावरील वर्ष १६३० असे वाचले गेले आणि चार्नकच्या साठ वर्षे आधी येथे आर्मेनियन वसाहत होती, असा निष्कर्ष निघाला. चर्च मात्र १७२४ सालचे. त्या वाचनाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि शिळा दुसरीकडून आणली गेली असण्याची शक्यताही दृष्टीआड करता येत नाही. एका शिळेवर एवढी मोठी वसाहत उभी करणे धाडसाचे होय. सावर्ण घराण्याच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज लक्ष्मीकांत यांना १६०८ साली मानसिंगामार्फत जहांगीर बादशहाकडून ही जहागीर मिळाली. घराण्याकडे जमीनदारी होती यात शंकाच नाही. १६९८चा दस्तऐवजच त्याची साक्ष देतो. पण मानसिंगाची बंगालची सुभेदारी १६०६ सालीच संपली होती, तेव्हा या वर्षाला आणखी भक्कम आधार हवा. घराण्याच्या कैफियतींत मूळपुरुषाची सनद थोड्या मागच्या आणि थोड्या मोठ्या हातून आलेली असते, हा आपला नित्याचा अनुभव.

या सगळ्यांत अधिक विश्वसनीय पुरावा रूक्ष आहे. अबुल फजलच्या ‘ऐन-इ-अकबरी’त सातगाव सरकारातील महालांच्या यादीत कलकत्त्याचे नाव येते. बाकोया आणि बारबकपूर यांच्यासह तिन्ही महालांचा मिळून जमा ९,३६,२१५ दाम, म्हणजे चाळीस दामांचा रुपया धरल्यास साडेतेवीस हजार रुपयांच्या जवळपास. काही हस्तलिखितांत हे नाव निराळ्या रीतीने वाचता येते, ही अडचण येथेही आहे. पण कर बसविणाऱ्या कारकुनाला कवीप्रमाणे यादी रंगविण्याचे कारण नसते. अकबराच्या काळी येथे कर भरण्याजोगी वस्ती होती, एवढे यावरून म्हणता येते. तेथे शहर होते, असे मात्र म्हणता येत नाही.

नावाच्या व्युत्पत्तींचे तर रान माजले आहे. कालीक्षेत्र, किलकिला, कालीघाट, सगळे दावे हजर आहेत. इंग्रज साहेबाने गावाचे नाव विचारले, गवत कापणाऱ्याला वाटले की हे कधी कापले असे विचारतो आहे, त्याने ‘काल काटा’ म्हणून सांगितले आणि साहेबाने तेच लिहून घेतले, ही गोष्ट बंगालमध्ये मुलांना अजून आवडते. साहेब जन्मण्यापूर्वीच नाव मोगल दप्तरात असल्यामुळे तिची वासलात लावायला वेळ लागत नाही. सुनीतिकुमार चट्टोपाध्याय यांनी ‘कलि’ म्हणजे चुना आणि ‘काता’ म्हणजे भाजलेली शिंपली असा अर्थ सुचविला. चुनखडीच्या भट्ट्यांचे गाव, हा अर्थ काव्यमय नाही. म्हणूनच तो मला विचारार्ह वाटतो.

चार्नकच्या दंतकथांत सर्वांत प्रसिद्ध, आणि माझ्या मते सर्वांत गंभीरपणे तपासण्याजोगी, कथा त्याच्या पत्नीची. पाटण्याला असताना तो आपल्या पहारेकऱ्यांसह एक सती पाहावयास गेला. विधवेच्या सौंदर्याने मोहित होऊन त्याने तिला चितेवरून बळाने सोडविले. ती पुढे त्याच्याबरोबर राहिली, त्यांना मुले झाली. तिने ख्रिस्ती होण्याऐवजी त्यालाच मूर्तिपूजक केले आणि तिच्या मृत्यूनंतर तो दरवर्षी तिच्या थडग्यावर कोंबडा बळी देत असे. ही कथा अलेक्झांडर हॅमिल्टन नावाच्या नावाड्या-व्यापाऱ्याने १७२७ साली छापलेल्या पुस्तकात आहे. म्हणजे चार्नकच्या मृत्यूनंतर चौतीस वर्षांनी. आपल्या भाषेत सांगायचे तर ही बखर होय, आणि तीही चार्नकविषयी फारसे ममत्व नसलेल्या बखरकाराची. चार्नक आपल्या भोजनाच्या वेळी नोकरांना फटके मारवून त्यांच्या किंकाळ्या ऐकत असे, हेही हॅमिल्टनच सांगतो. चार्नकच्या चाहत्यांनी सती खरी मानली आणि फटके खोटे. एकाच साक्षीदाराचे सोयीचे तेवढे घ्यायचे, ही रीत आपल्याला अपरिचित नाही.

याच प्रकरणाबद्दल एक समकालीन कागद उपलब्ध आहे. विल्यम हेजेस हा १६८२ ते १६८४ या काळात बंगालमध्ये कंपनीचा एजंट होता. त्याची रोजनिशी हेन्री यूल यांनी १८८७ ते १८८९ या वर्षांत संपादून प्रसिद्ध केली. हेजेस १६८२च्या डिसेंबरात लिहितो, की चार्नकने पाटण्यात एका हिंदूची बायको ठेवली होती. तिचा नवरा हयात होता किंवा नुकताच वारला होता. ती त्याचा पैसा आणि दागिने घेऊन पळून आली, अशी नबाबाकडे तक्रार झाली होती. चिता नाही, पहारेकरी नाहीत, सुटका नाही. हेजेस हा चार्नकचा उघड वैरी होता, ही गोष्टही तेवढीच खरी. त्याच्या शब्दांत विष असणारच. मात्र वैऱ्याच्या हाती सतीच्या चितेवरून विधवा पळविल्याची गोष्ट असती, तर ती त्याने वगळली असती का? नबाबाच्या दरबारी तो अपराध दागिन्यांच्या चोरीहून कितीतरी मोठा ठरला असता. म्हणून सतीची कथा नंतर जोडली गेली, असे मानणे मला सयुक्तिक वाटते. १८२९ साली सतीबंदीचा कायदा झाल्यावर तर या कथेला एक नवे मोल आले. एका गोऱ्या पुरुषाने एका हिंदू स्त्रीला हिंदूंपासून वाचविले आणि मग नगर वसविले. राज्य करणाऱ्यांना याहून सोयीची प्रस्तावना कोणती हवी?

कोंबड्याची गोष्टही हिंदू गृहिणीच्या घराशी जुळत नाही. बिहारात हिंदू-मुसलमान दोघेही ज्यांना भजत त्या पाँच पिरांच्या पूजेशी ती अधिक जुळते, असे अभ्यासकांनी दाखविले आहे. तसे असेल, तर ती स्त्री उच्चकुलीन ब्राह्मणकन्या होती ही लोकप्रिय कल्पनाही डळमळते. आपल्याला निश्चितपणे ठाऊक आहे ते एवढेच, की मेरी, एलिझाबेथ आणि कॅथरिन या तिच्या मुलींचा १६८९ साली मद्रासच्या सेंट मेरी चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला आणि तिघींचीही लग्ने कंपनीच्या नोकरदारांशी झाली. समाधीत मेरी व कॅथरिन यांच्या स्मृतीचे लेख आहेत. आईचे नाव तेथे नाही. दंतकथेने तिला चितेवरून उचलले. पण तिचे स्वतःचे धाडस, नको असलेल्या घरातून बाहेर पडण्याचे, हिरावून घेतले. हेजेसच्या कुत्सित ओळींत ती निदान आपल्या पायांनी चालताना दिसते.

पुन्हा ‘संस्थापक’ या शब्दाकडे वळतो. मराठीत आपण गाव ‘वसवितो’. हे क्रियापद फार नेमके आहे. ओसाड पडलेल्या गावाला कौल द्यायचा, कुळे बोलावून आणायची, काही वर्षे सारा माफ करायचा, पेठ भरवायची. हे करणाऱ्याला शेटेपण किंवा महाजनकीचे वतन मिळे आणि त्याची नोंद दप्तरात होई. पुण्यात सोन्याचा नांगर फिरल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पण त्यामुळे कोणी पुण्याचा जन्म सतराव्या शतकात मानीत नाही, कारण राष्ट्रकूटांच्या आठव्या शतकातील ताम्रपटांत पुण्याचे नाव आहे. नांगर हा पुनर्वसनाचा आहे. मलिक अंबरने १६१० साली खडकी येथे राजधानी केली, तेथेही खडकी नावाचे खेडे होतेच. नागपूर बख्त बुलंद शाहाने अठराव्या शतकाच्या आरंभी वसविले असे आपण म्हणतो, आणि त्याच श्वासात तेथील बारा वाड्यांचाही उल्लेख करतो. वसविणारा हा पहिला नसतो, तो पुढचा असतो. या अर्थाने पाहिले, तर चार्नकने सुतानुटी वसविली असेही पुरते म्हणता येत नाही. त्याने कोणाला जागा आखून दिली नाही, त्याच्या हाती कौल देण्याचा अधिकारही नव्हता. त्याने हट्टाने एक जागा धरली आणि लंडनचा विरोध असतानाही सोडली नाही. हे श्रेय त्याचे आहे, आणि ते लहान नाही. न्यायालयाच्या निकालानंतर तेही नाकारण्याची जी लाट आली, ती मला पूर्वीच्या भाटगिरीइतकीच एकांगी वाटते.

आता नगराला आकार देणाऱ्यांचा हिशेबच मांडायचा झाला, तर मराठी वाचकाला एक अनपेक्षित नाव त्यात घालावे लागेल. १७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचा दिवाण भास्कर राम कोल्हटकर बंगालवर चालून आला. ‘बारगीर’ या आपल्या साध्या शब्दाचे बंगालीत ‘बर्गी’ झाले, आणि बर्गी येतील म्हणून मुलांना निजविणारी अंगाईगीते बंगालच्या घराघरांत पोचली. गंगारामाच्या ‘महाराष्ट्र पुराणा’त त्या स्वारीतील अत्याचारांचे जे वर्णन आहे, ते समकालीन असल्यामुळे आपल्याला झटकून टाकता येत नाही, येथेही तागडी तीच. कलकत्त्यातील रहिवाशांनी घाबरून नगराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा बेत होता. सहा महिन्यांत तीन मैल झाले आणि धोका टळलेला पाहून काम थांबले. मराठे कलकत्त्यावर आलेच नाहीत. १७५६ साली सिराजउद्दौला आला, तेव्हा त्या अर्धवट खंदकाने त्याला अडविले नाही. पण १७९४ साली जाहीरनाम्याने नगराची हद्द अधिकृतपणे ठरविण्याची वेळ आली, तेव्हा तिच्या मोठ्या भागासाठी हाच मराठा खंदक प्रमाण मानला गेला. शतकाच्या अखेरीस तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड काढण्यास प्रारंभ झाला. त्या रस्त्याला आता आचार्य प्रफुल्लचंद्र राय आणि आचार्य जगदीशचंद्र बोस यांची नावे आहेत. उत्तरेला बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ नावाची एक गल्ली तेवढी राहिली आहे.